रॉबिनचा गुन्हा एवढाच, की तिला वाचता येतं

पत्रकावर आठ वर्षांच्या मुलीचा फोटो आहे आणि खाली रक्कम छापली आहे: ७ कोटी ९० लाख बेरी. बेरी हे 'वन पीस' या जपानी चित्रकथेच्या जगातलं चलन. या मुलीने नौदलाच्या सहा युद्धनौका बुडवल्या, असं सरकारचं म्हणणं. खरं तर त्या दिवशी तिच्याकडे अंगावरच्या कपड्यांखेरीज काहीच उरलं नव्हतं. गाव जळालं होतं, आई गेली होती, शिकवणारे सगळे गेले होते. शाबूत होतं ते फक्त डोक्यात साठवलेलं: दगडांवर कोरलेल्या एका जुन्या लिपीचं ज्ञान. निको रॉबिनला ती लिपी वाचता येत होती, आणि तेवढ्यासाठी पुढची वीस वर्षं सरकार तिच्या मागावर राहिलं.

माझी भाची ही मालिका बघत बघत एनिएस लॉबीच्या भागापर्यंत आली आणि एका रात्री फोन करून म्हणाली, "मावशी, रडू तर येतंय, पण हे सगळे हिला एवढे घाबरतात का, तेच कळत नाही." प्रश्न रास्त आहे. एइचिरो ओदा यांची ही मँगा, म्हणजे जपानी चित्रकथा, जुलै १९९७ पासून जपानच्या 'शोनेन जंप' साप्ताहिकात चालू आहे. प्रकरणं अकराशेच्या पुढे गेली आहेत आणि रॉबिनची गोष्ट त्यात तुकड्यातुकड्यांनी येते. ११४व्या प्रकरणात ती पहिल्यांदा दिसते ती खलनायकाची सहकारी म्हणून, 'मिस ऑल संडे' या टोपणनावाने. तिचं लहानपण कळायला आणखी पावणेतीनशे प्रकरणं जावी लागतात. तोवर दगड, सरकार, हरवलेलं शतक असे धागे इतके विखुरलेले असतात की कुणाचाही गोंधळ व्हावा. भाचीला फोनवर जे सांगितलं तेच इथे सावकाश, क्रमाने सांगते. ज्यांना पुढची रहस्यं आधी कळायला नको असतील त्यांनी इथेच थांबावं.

आधी सरकार समजून घेऊ. कथेच्या काळाआधी आठशे वर्षं, वीस राज्यांनी एकत्र येऊन 'जागतिक सरकार' स्थापन केलं. नौदल त्यांचं, न्यायालयं त्यांची, समुद्रावरचा कायदा त्यांचा. पण त्या स्थापनेच्या आधीच्या शंभर वर्षांबद्दल कुठल्याही पुस्तकात एक ओळ सापडत नाही. नव्वद पिढ्यांचा इतिहास तोंडपाठ सांगणाऱ्या राजघराण्याच्या बखरीतून नेमकी चार पिढ्यांची पानं नाहीशी व्हावीत, तसं. या काळाला 'व्हॉइड सेंच्युरी' म्हणतात. आपण कोरं शतक म्हणू. या शतकाचा शोध घेणं हाच गुन्हा आहे, आणि त्याची शिक्षा मृत्यू.

आता दगड. त्या शतकात कुणीतरी चौकोनी, अवाढव्य, काही केल्या न फुटणारे दगड घडवले आणि त्यांवर मजकूर कोरला. हे पोनेग्लिफ. वानो देशातल्या कोझुकी घराण्याच्या पाथरवटांनी ते घडवले, हे आपल्याला बऱ्याच उशिरा कळतं. जगभर असे साधारण तीस दगड विखुरलेले आहेत. काहींवर प्रत्यक्ष इतिहास आहे, काही फक्त दुसरा दगड कुठे आहे ते सांगतात. चार दगड लाल रंगाचे आहेत. त्या प्रत्येकावर एका ठिकाणाची खूण आहे. नकाशावर ती चार ठिकाणं जोडली, की मधोमध शेवटचं बेट सापडतं, जिथे 'वन पीस' नावाचा खजिना आहे. म्हणजे समुद्री चाच्यांचा राजा व्हायचं असेल तर तलवार कितीही चालवा, शेवटी कुणीतरी हे दगड वाचून दाखवावे लागतात. याआधी त्या बेटावर पोहोचलेल्या गोल डी. रॉजरकडेही वाचणारा होता: वानोचा कोझुकी ओदेन.

दगडच का? या प्रश्नाचं उत्तर कथेतले प्राध्यापक क्लोव्हर देतात आणि मला ते फार पटतं. कागदावर लिहिलं असतं तर शत्रूने जाळलं असतं. आपण हरणार, हे लिहिणाऱ्यांना कळून चुकलं होतं. म्हणून त्यांनी आपलं म्हणणं अशा वस्तूवर ठेवलं, जी जिंकणाऱ्यालाही नष्ट करता येणार नाही. मग जिंकणाऱ्याच्या हाती एकच उपाय उरतो. दगड फुटत नाही, तर वाचणारा संपवायचा.

आपल्याकडच्या इतिहासातली एक गोष्ट इथे आठवते. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने अशोकाचे दोन स्तंभ दिल्लीत आणवले. यमुनेतून, तराफ्यांवरून, प्रचंड खटाटोप करून. त्यांवर काय कोरलंय ते सांगायला विद्वान बोलावले, आणि कुणालाही एक अक्षर लागलं नाही. ब्राह्मी लिपी लोक विसरून गेले होते. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ती उलगडली तेव्हा कुठे अशोक पुन्हा बोलू लागला. मधली शतकं तो मजकूर भर उजेडात उभा होता, आणि तरी नसल्यासारखा. आपल्याकडे हे विसरण्याने झालं. ओदा यांच्या जगात ते हुकूम काढून केलेलं आहे. लिपी विसरली जावी अशी तिथल्या राज्यकर्त्यांचीच इच्छा आहे, आणि एक बेट ती विसरायला तयार नव्हतं.

त्या बेटाचं नाव ओहारा. पश्चिम समुद्रातलं छोटंसं बेट, मधोमध पाच हजार वर्षांचं एक झाड, आणि त्या झाडाच्या पोटात ग्रंथालय. जगभरची पुस्तकं तिथे आणून ठेवलेली. पुरातत्त्वाचे अभ्यासक तिथे राहत, आणि तळघरात लपवलेल्या एका पोनेग्लिफवर गुपचूप काम करत.

रॉबिन या बेटावर जन्मली. वडील आधीच वारलेले. आई, निको ओल्विया, स्वतः पुरातत्त्वज्ञ. रॉबिन दोन वर्षांची असताना ती पोनेग्लिफच्या शोधात समुद्रावर गेली आणि पोर मामा-मामीकडे राहिली. मामीच्या घरी तिच्या वाट्याला झाडलोट आणि धुणीभांडी. त्यात तिने खाल्लेलं डेव्हिल फ्रूट. या फळाने माणसाला अजब शक्ती येते आणि पोहण्याची क्षमता कायमची जाते. रॉबिनला मिळालेली शक्ती अशी, की कुठल्याही पृष्ठभागावर तिचे हात, डोळे, कान फुलासारखे उमलतात. गावातली मुलं तिला भूत म्हणून दगड मारायची. एकटं बसायला एकच जागा होती, झाडातलं ग्रंथालय. तिथे वाचत वाचत आठव्या वर्षी तिने विद्वानांची परीक्षा पैकीच्या पैकी गुण मिळवून दिली आणि ती अधिकृत पुरातत्त्वज्ञ झाली. तळघरातल्या दगडाला मात्र हात लावायचा नाही, असं तिथल्या विद्वानांचे प्रमुख असलेल्या क्लोव्हरांनी बजावलं होतं. ती लिपी तिने चोरूनच शिकून घेतली.

तिने ती शिकली ती इतिहासाच्या ओढीने, असं आपण म्हणतो. मला वाटतं त्या वयात कारण आणखी साधं होतं. आई ज्या कामासाठी सोडून गेली, ते काम आपल्याला यायला लागलं तर आई आपल्याला बरोबर नेईल.

त्याच सुमारास किनाऱ्यावर एक राक्षसी देहाचा माणूस वाहून आला. जॅग्वार डी. सॉल, नौदलाचा माजी व्हाइस ॲडमिरल. पकडलेल्या ओल्वियाला त्याने सोडून दिलं होतं, कारण संशोधन केलं म्हणून माणसं मारायची हे त्याला पटेना. त्याचं हसणं विचित्र, 'देरेशिशिशि' असं. त्याने रॉबिनला ते हसणं शिकवलं. दुःख झालं की हस, म्हणाला. रॉबिनला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी बरोबर बसायला मिळालं ते चार दिवस.

आणि मग नौदल आलं. क्लोव्हरांनी सरकारच्या पाच सर्वोच्च ज्येष्ठांशी बोलताना आपला निष्कर्ष मांडला: कोऱ्या शतकात एक बलाढ्य राज्य होतं, ते हरलं, आणि ज्यांनी हरवलं तेच आज जागतिक सरकार म्हणून बसलेत. त्या राज्याचं नाव ते उच्चारणार, एवढ्यात त्यांना गोळी घालण्यात आली. पाठोपाठ 'बस्टर कॉल'चा हुकूम सुटला. दहा युद्धनौका, पाच व्हाइस ॲडमिरल, आणि नकाशावरून ते ठिकाण पुसलं जाईपर्यंत तोफा थांबवायच्या नाहीत.

इथे सरकारची बाजूही सांगायला हवी, कारण ओदा यांनी ती पोकळ ठेवलेली नाही. काही पोनेग्लिफवर खरोखरच प्राचीन महाशस्त्रांची माहिती आहे: प्लूटॉन, पोसायडन, युरेनस. ती चुकीच्या हाती पडली तर जग बेचिराख होईल, हे सरकारचं अधिकृत कारण. ते अर्धं खरं आहे, म्हणूनच उपयोगी आहे. उरलेलं अर्धं ते कधी बोलत नाहीत, आणि क्लोव्हरांनी तेच बोलून दाखवलं.

ओहाराच्या शेवटात एक प्रसंग आहे तो मी कितीही वेळा वाचला तरी तिथे थांबावंच लागतं. आई समोर उभी आहे. गुन्हेगाराची मुलगी म्हणून रॉबिनवर शिक्का बसू नये यासाठी ओल्विया सांगते, मी तुझी आई नाही. आणि ही आठ वर्षांची मुलगी आपली पात्रता मांडायला लागते. मी खूप अभ्यास केला, पुरातत्त्वज्ञ झाले, पोनेग्लिफसुद्धा वाचता येतो मला, आता तरी माझा हात धरून चालशील का. शेजारी सैनिक आहेत. 'वाचता येतो' हे शब्द म्हणजे तिने आईला दाखवलेलं प्रगतिपुस्तक, आणि त्याच शब्दांनी ती सरकारच्या लेखी मृत्यूला पात्र ठरली.

ओल्विया तिला सॉलच्या हवाली करते आणि स्वतः जळत्या झाडात परत जाते. बाकीचे विद्वानही तिथेच राहतात आणि जीव जाईपर्यंत खिडक्यांतून पुस्तकं तळ्यात फेकत राहतात, निदान ती तरी वाचावीत म्हणून. गावकऱ्यांना घेऊन निघालेलं जहाजही नौदलाचा व्हाइस ॲडमिरल साकाझुकी तोफेने उडवतो, कारण त्यात एखादा विद्वान लपला असेल तर? सॉलला त्याचा नौदलातला मित्र कुझान बर्फात गोठवतो. पण रॉबिनला मात्र तोच कुझान समुद्रावर बर्फाची वाट करून देतो आणि जाऊ देतो. गोठता गोठता सॉल तिला सांगतो, समुद्र मोठा आहे, तुला सांभाळणारी माणसं कुठेतरी भेटतील, या जगात कुणीही एकटं राहायला जन्मत नाही. ती होडीत बसते आणि रडत रडत त्याचं हसणं हसून बघते.

पुढची वीस वर्षं थोडक्यात सांगता येतात, कारण ती एकाच साच्याची होती. कुणी आसरा दिला की इनामाच्या लोभाने फितुरी होई. मग तीही शिकली, समोरच्याने दगा द्यायच्या आत आपण निघून जायचं. अठ्ठावीसाव्या वर्षी ती क्रोकोडाइल या समुद्री चाच्याकडे होती, सुरुवातीला म्हटलेला खलनायक तो हाच. सौदा उघड होता: तो तिला लपवणार, ती त्याला अलाबास्ता राज्यातला दगड वाचून दाखवणार. त्याला हवं होतं प्लूटॉन.

अलाबास्ताच्या राजघराण्याच्या दफनभूमीत ती त्या दगडासमोर उभी राहते आणि मोठ्याने वाचते: अमुक वर्षी अमुक राजाने अमुक प्रांत जिंकला. क्रोकोडाइल संतापून तिच्या अंगात हुक खुपसतो. राजा कोब्रा मात्र चकित झालेला असतो, कारण प्लूटॉनचा उल्लेख त्या दगडावर होता आणि हिने तो वाचलाच नाही. हे लक्षात घ्या. सरकार वीस वर्षं ज्या भीतीने तिला शोधत होतं ती भीती खरी करून दाखवायची संधी तिला मिळाली, आणि तिने खोटं वाचलं. तिला शस्त्र नको होतं, कोऱ्या शतकाचा इतिहास हवा होता. तो त्या दगडावर नव्हता. मग जगण्यात काही अर्थ उरला नाही म्हणून ती कोसळत्या दगडांखाली पडून राहिली. कथेचा नायक, चाचा लुफी, याने तिला न विचारता उचलून बाहेर काढलं. तू मला वाचवलंस, आता सांभाळ, असं म्हणत ती त्याच्या जहाजावर येऊन बसली.

त्यानंतर आकाशातल्या बेटावर, सोन्याच्या घंटेपाशी, तिला रॉजरच्या नावाने त्याच प्राचीन लिपीत कोरलेल्या ओळी सापडतात. आपल्याआधी कुणीतरी या वाटेने शेवटपर्यंत गेलंय, हे वाचून तिच्या चेहऱ्यावर जो उजेड येतो तो मला एनिएस लॉबीइतकाच महत्त्वाचा वाटतो. लिपी येणं म्हणजे फक्त पाठलाग, असं तोवर तिचं आयुष्य होतं. त्या दिवशी लिपीने तिला पहिल्यांदा काहीतरी दिलं.

आता भाचीच्या फोनपाशी येऊ. वॉटर सेव्हन शहरात सरकारचे गुप्तहेर रॉबिनला गाठतात. तू आमच्याबरोबर आली नाहीस तर तुझ्या मित्रांवर बस्टर कॉल लावू, म्हणतात. बस्टर कॉल म्हणजे काय हे जिवंत माणसांत तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? ती मित्रांना सोडते, जाणूनबुजून त्यांच्या नजरेत वाईट ठरते, आणि कैदी होऊन एनिएस लॉबी या न्यायबेटावर जाते. मित्र मागोमाग तिथे येऊन धडकतात. समोरासमोर दोन इमारती, मधे खोल दरी. ती ओरडून सांगते, मला मरायचंय, परत जा. तुम्ही आज चांगले आहात, पण माझ्या मागे सगळं जग आहे. एक दिवस माझं ओझं होईल आणि तुम्हीही मला टाकाल. मरणापेक्षा मला त्या दिवसाची भीती वाटते.

लुफी तिला समजावत बसत नाही. तो आपल्या नेमबाजाला समोर फडकणारा जागतिक सरकारचा झेंडा जाळायला सांगतो. झेंडा पेटतो. सगळं जग तुझ्या मागे आहे म्हणतेस ना, घे, आता ते आमच्याही मागे. मग तो म्हणतो, तुझ्या तोंडून अजून ऐकलेलं नाही. जगायचंय, असं म्हण.

'इकिताई.' जपानीत हा एकच शब्द आहे, जगायचंय. ओदा यांनी एरवी रॉबिनला शांत, रेखीव, जरा दूरस्थ काढलेलं आहे. या चौकटीत नाक वाहतंय, तोंड वेडंवाकडं झालंय, आठ वर्षांची असताना जसं रडली तशी ती रडतेय. तिचं अस्तित्वच गुन्हा आहे असं तिला लहानपणापासून सांगितलेलं होतं. जगायची इच्छा आपण करू शकतो, हेच तिला माहीत नव्हतं. ॲनिमेमध्ये, म्हणजे मँगावरून केलेल्या ॲनिमेशन मालिकेत, हा प्रसंग २७८व्या भागात आहे आणि युरिको यामागुची यांचा तिथला आवाज ऐकून जपानी न कळणारी माणसंही गप्प होतात.

भाचीला मी त्यानंतरचं एक चित्र मुद्दाम बघायला सांगितलं. बऱ्याच जणांच्या नजरेतून ते निसटतं. गुप्तहेरांचा प्रमुख स्पँडम तिला केस धरून पुलावरून फरपटत नेतोय. हात समुद्रदगडाच्या बेड्यांत, त्यामुळे तिची शक्ती चालत नाही. तेव्हा ती पुलाच्या दगडाला दातांनी चावून धरते. शब्द बोलून झाला होता. हा त्याचा पुरावा.

एनिएस लॉबीनंतर मात्र बराच काळ ओदा यांनी रॉबिनला तिच्या योग्यतेचं काम दिलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ती मागे उभी राहते, एखादं भयाण वाक्य शांतपणे बोलते, लढाईत दोन-चार हात उगवते. मधल्या काळात जागतिक सरकारविरुद्ध लढणाऱ्या क्रांतिकारी सेनेने तिला 'क्रांतीची ज्योत' म्हणून वर्षानुवर्षं शोधलं होतं हे कळतं, पण त्याचंही फार काही होत नाही. वानोमध्ये शत्रूपक्षातल्या ब्लॅक मारियाशी तिची लढाई येते तेव्हा कुठे जुना हिशोब पुरा होतो. लहानपणापासून ऐकलेली 'सैतानाची पोर' ही शिवी ती तिथे आपणहून अंगावर घेते: माझ्या माणसांना वाचवायचं असेल तर होईन सैतान. तिच्या डोक्यावरचं इनाम त्यानंतर ९३ कोटींवर गेलं. आणि त्या लाल दगडांपैकी एकाचा, तिचा साथीदार ब्रूक याने जिवावर उदार होऊन आणलेला ठसा वाचणारी तीच. खजिन्यापर्यंतची वाट या मुलीच्या डोळ्यांतून जाते.

फोन ठेवता ठेवता भाचीने विचारलं, त्या तळ्यातल्या पुस्तकांचं काय झालं? पुस्तकं वाचली. ओहारा जळाल्यानंतर एल्बाफ बेटाचे महाकाय लोक तिथे आले आणि भिजलेली पुस्तकं गोळा करून घेऊन गेले. शास्त्रज्ञ वेगापंक ते पाहायला तिथे होता, आणि पुढे त्याने कोऱ्या शतकाबद्दल साऱ्या जगाला जे सांगितलं त्यामागे ओहाराच्या विद्वानांचं काम होतं. पुस्तकं नेणाऱ्यांत अंगभर पट्ट्या गुंडाळलेला एकजण होता. सॉल. बर्फाने त्याला मारलं नव्हतं.

एल्बाफला पोहोचल्यावर रॉबिन केस कापते, लहानपणी होते तसे. मग ती त्याला भेटते. तीस वर्षांची, नावाजलेली, जिला बघून सरकार हादरतं अशी बाई, त्या म्हाताऱ्या राक्षसापुढे लहान मूल होऊन रडते आणि त्याच्याकडे शाबासकी मागते: तू सांगितल्याप्रमाणे मी जगले, आता मला चांगलं केलंस म्हण.